मदत हवी आहे : वारसनोंदीचा ऑनलाइन अर्ज नावातल्या फरकामुळं परत आलाय (पन्हाळा तालुका)

मळ्यातली

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीला राहते, आई गावी असते, पन्हाळा तालुक्यात. गेल्या वर्षी वडील गेले. जमीन थोडीच आहे, सगळा ऊस. सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. वारसनोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करता येतो असं कळलं म्हणून मीच बसून भरला. मृत्यूचा दाखला, सगळ्यांची आधारकार्डं, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं. अर्ज त्रुटी दाखवून परत आला. कारण काय, तर सातबाऱ्यावर ‘आण्णासो’ आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘अण्णासाहेब’. आता आमच्या भागात निम्म्या म्हाताऱ्यांची नावं ‘सो’वर संपतात. प्रत्येकाला हेच निस्तरायचं आहे का?

आईचं नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून तिचा शेतकरी ओळख क्रमांक निघत नाही, आणि तो नाही म्हणून पीएम किसान नाही. एकात एक अडकलंय सगळं.

नावातल्या फरकाला नक्की कुठला कागद लागतो? अर्ज पुन्हा भरल्यावर तो कुणाकडं पडून आहे हे घरी बसून कळतं का? आणि एक नाजूक विषय. गावातल्या एकानं सुचवलं की मुलींची नावं घालूच नका, आई आणि भाऊ एवढंच दाखवा, पटकन होतं. मला हिस्सा नकोच आहे. तसं केलं तर चालेल का?

जुना कारकून

ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. अजिबात करू नका. पत्नी, मुलगे आणि मुली हे हिंदू वारसा कायद्यानं सारखेच पहिल्या वर्गाचे वारस. तुमचं नाव गाळून केलेलं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं आणि ते आईच्या सहीचं असणार, म्हणजे गोत्यात येणार आई. तुमचं नाव लागू दे. हिस्सा सोडायचाच असेल तर नंतर दुय्यम निबंधकाकडं हक्कसोडपत्र नोंदवा. ते वेगळं काम आहे, वारसनोंदीत मिसळू नका. ‘पटकन होतं’ म्हणून सुचवणाऱ्यांनी किती घरांत भाऊबहिणीचे दावे लावून दिलेत ते नोकरीत बघितलंय.

नावाचं म्हणाल तर ‘आण्णासो आणि अण्णासाहेब ही एकच व्यक्ती’ अशा मजकुराचं प्रतिज्ञापत्र करा. जोडीला दोन्ही नावांचा दुवा लागेल असा जुना कागद द्या : शाळेचा दाखला, सोसायटीचं कर्जखातं, कारखान्याची ऊसबिलाची पावती, काहीही. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क सरकारनं माफ केलेलं आहे. कुणी पाचशेचा स्टँप आणायला सांगितला तर कशासाठी ते विचारा.

आता अर्ज कुठं अडतो ते समजून घ्या, म्हणजे योग्य माणसाला विचाराल. ई-हक्कवरून अर्ज जातो तलाठ्याकडं (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी). ते वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६-क ला नोंद घेतात, मंडळ अधिकारी (तलाठ्याचे वरिष्ठ) वारस मंजूर करतात. मग फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरला जातो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि तेव्हाच सातबारा बदलतो. ते पंधरा दिवस संगणकानं कमी होत नाहीत, आणि होऊही नयेत. तुमची चुलती गावाबाहेर असताना कुणी परस्पर नोंद घातली तर तिला हरकत घ्यायला तेवढेच दिवस असतात.

खरं तर ऑनलाइन झालंय ते अर्ज देणं आणि पोच मिळणं. सही करणारी माणसं तीच आहेत. पण पोच ही लहान गोष्ट नाही. पूर्वी अर्ज ‘मिळालाच नाही’ म्हटलं की संपलं.

वारणाकाठ

फेरफार धरला गेला की ‘आपली चावडी’वर गाव निवडून नोटीस आणि फेरफाराची स्थिती दिसते. महाभूमीचं संकेतस्थळ आहे, लॉगिन लागत नाही. नोंद मंजूर झाली की डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, त्यावर पुन्हा तलाठ्याची सही-शिक्का लागत नाही.

जरा विषयांतर. आमच्या वारणा भागात १९९८ साली सत्तर गावांत संगणक केंद्रं काढली होती, ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून. सरकारी माहिती, बाजारभाव, बरंच काही देणार होते. लोकांना खरं हवं होतं उसाचं वजन आणि बिल. पुढं काही गावांत तेवढंच काम साध्या मोबाइलच्या मेसेजवर करून बघितलं आणि तेही जमलं. मेसेज आला की माणूस घरी निवांत. ई-हक्कनंही ‘तुमचा अर्ज आज मंडळ अधिकाऱ्यांकडं गेला’ एवढा मेसेज प्रत्येक टप्प्याला केला तर निम्म्या खेपा वाचतील.

मळ्यातली

कारकून काका, मनापासून आभार. सोसायटीच्या पासबुकावर ‘आण्णासो ऊर्फ अण्णासाहेब’ असं स्पष्ट लिहिलेलं सापडलं! ते जोडते. माझं आणि ताईचं, दोघींचीही नावं घालते. एकच शंका : वडिलांचं पीएम किसान चालू होतं. आईला नव्यानं नोंदणी करताना ‘१ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली’ म्हणून नाकारतील का?

जुना कारकून

नाही. ती तारखेची अट खरी आहे, पण खातेदाराच्या मृत्यूमुळं वारसानं आलेल्या जमिनीला सूट आहे. फेरफार क्रमांक आणि मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा. वडिलांच्या खात्यावर ते गेल्यानंतर एखादा हप्ता जमा झाला असेल तर तो आधी कृषी खात्याला कळवून परत करा, नाहीतर वसुलीची नोटीस आईच्या दारात येते.

आणि आईचं आधार आणि नव्या सातबाऱ्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते फेरफाराची नोटीस निघाल्या निघाल्या बघा. प्रमाणित झाल्यावर चूक सापडली तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं दुरुस्तीचा अर्ज करत बसावं लागतं.