चर्चा: नव्या कामगाराला मशीन कोणत्या भाषेत शिकवायचं?

प्रेसशॉप_चाकण
चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर आहे. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट निघतात. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, प्रेसवर बसवणारे सेटर बहुतेक खेड-जुन्नरकडचे, ऑपरेटर मराठवाड्यातले आणि हेल्पर ठेकेदाराकडून येतात, ओडिशा, झारखंड, बिहारमधून. लाइनवर हिंदी चालते. ती धड आमचीही नाही आणि त्यांच्यातल्या अनेकांचीही नाही.

गेल्या पावसाळ्यात डाय बदलताना सेटरने एका नव्या पोराला सांगितलं, "चावी निकाल के रख, फिर अंदर कपडा मार." पोराने मान डोलावली आणि फडकं घेऊन सरळ डायमध्ये हात घातला. प्रेस कशी चालेल ते ठरवणारा सिलेक्टर 'सिंगल'वर, म्हणजे एक ठोका मारायला तयार, आणि त्याची चावी जागच्या जागी. शेजारच्या ऑपरेटरने इमर्जन्सी बटण दाबलं म्हणून हात वाचला. सेटर खेकसला, "समझा नहीं क्या?" पोराने परत मान डोलावली.

माझं म्हणणं असं, की नवा माणूस 'हो' म्हणाला म्हणजे त्याला समजलं असं धरूच नये. नोकरी टिकावी म्हणून तो हो म्हणणारच. त्याच्या भाषेतल्या जुन्या कामगाराने आधी समजावून सांगावं, मग त्याने स्वतः करून दाखवावं. स्लाइड, म्हणजे प्रेसचा वरून खाली येणारा भाग, वर घे, चावी काढून खिशात ठेव, स्लाइड खाली येऊ नये म्हणून सेफ्टी ब्लॉकचा अडसर लाव, मगच हात घाल. जमलं तरच मशीनवर. यात अर्धा तास गेला तर जाऊ दे, आणि तो वेळ कंपनीने द्यावा. तुमचं मत काय?

रानवारा
काळजी पटली, उपाय पटला नाही. इथे राहायचं, कमवायचं, तर मराठी यायला हवी. पण ती शिकवतो कोण? केरळने २०१७मध्ये पेरुंबावूरपासून 'चंगाती' उपक्रम सुरू केला. राज्याच्या साक्षरता मिशनने बाहेरच्या कामगारांसाठी 'हमारी मलयाळम' नावाचं पुस्तक काढून वर्ग घेतले. आपल्याकडे चाकण, रांजणगाव, भोसरी एवढा मोठा पट्टा असून मराठीचे वर्ग का नाहीत? प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगत बसलात तर तो दहा वर्षांनीही मराठीबाहेरच राहील, त्याचे गट वेगळे, जेवणाच्या सुट्टीतलं टेबल वेगळं.

प्लॅनिंगवाला
वास्तव सांगतो. ठेकेदाराचा हेल्पर छठला किंवा भातकापणीला गावी गेला की परत येईल याची खात्री नाही. दर महिन्याला नवे चेहरे. कोणाकोणाला संताळीत आणि मैथिलीत शिकवणार? हिंदी सगळ्यांना कामापुरती येते. हाताच्या खुणा आणि चित्रं असलेला बोर्ड लावा, विषय संपवा. प्रेस बंद ठेवून अर्धा तास शिकवणी घेतली तर पुढच्या लाइनला पार्ट कमी पडतात आणि फोन मला येतो.

प्रेसशॉप_चाकण
@प्लॅनिंगवाला, 'कामापुरती हिंदी' हाच तर धोका आहे. संताळी ही मुंडा कुळातली भाषा, हिंदीशी तिचं नातं नाही. त्या घरातल्या पोराला हिंदी शाळेत किंवा बाजारात मिळालेली असते. 'पानी लाओ' त्याला कळतं, 'आधी हे, मगच ते' अशी दोन टप्प्यांची सूचना गडबडीत, प्रेसच्या आवाजात कळेलच असं नाही. बोर्ड आमच्याकडेही आहे. त्यावरच्या चित्रात हात आणि लाल फुली आहे, चावी कुठेच नाही. आणि ही काही माझी एकट्याची लहर नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमातच कलम १०८ होतं, की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावाव्यात. आता बहुसंख्यांच्या पलीकडे, मशीनवर उभ्या असलेल्या एका माणसापर्यंत पोचायची गरज आहे.

@रानवारा, वर्ग हवेतच, मी स्वतः शिकवायला येईन. पण पहिल्या पाळीला येणाऱ्याचा हात मराठी शिकेपर्यंत थांबणार नाही.

सांगलीकर_होसूर
मी उलट्या बाजूचा. सांगलीहून होसूरला आलो तेव्हा तमिळचा गंध नव्हता. दुभाष्या म्हणून सोलापूरचा एक जुना फिटर मिळाला आणि मी त्याच्यावर विसंबत गेलो. तमिळ सहकाऱ्यांशी बोलायचं तर आधी त्याला गाठायचं. तो दुसऱ्या शिफ्टला गेला आणि माझी पंचाईत झाली. मग मात्र तमिळ शिकलो, कारण पर्याय नव्हता. म्हणून रानवारांकडे माझा कल आहे. जीव धोक्यात असेल तिथे आपल्या भाषेत सांगा, बाकी सगळं तिथल्या भाषेत. नाहीतर माणूस कायम कुणाच्या तरी तोंडाकडे बघत राहतो.

रानवारा
हे मान्य. एवढी मर्यादा असेल तर माझा विरोध नाही.

कामगार_संघटक
एक गोष्ट सगळेच विसरलात. समजावून सांगणारा तो जुना ओडिया किंवा बिहारी कामगार स्वतःचं मशीन सोडून येतो. त्याचे पीस कमी भरतात, संध्याकाळी ऐकून तो घेतो. शिवाय त्याने सांगितलेलं चुकलं आणि अपघात झाला, तर बोट त्याच्याकडेच दाखवलं जाणार. दुभाष्याचं काम हे काम आहे. त्याचा भत्ता ठरवा, त्या दिवसाचं टार्गेट कमी करा आणि 'शिकवलं' अशी सही सुपरवायझरची घ्या, त्याची नको.

प्लॅनिंगवाला
भत्ता ठेकेदार देणार की कंपनी? दोघंही हात वर करतील.

प्रेसशॉप_चाकण
कंपनीने. प्रेस कंपनीची, पार्ट कंपनीचा, अर्धा तासही कंपनीचाच. सहीचा मुद्दा बरोबर आहे, ती मी करीन. सोमवारच्या सेफ्टी कमिटीत भत्ता आणि कमी टार्गेट, दोन्ही लेखी मांडतो. काय ठरतं ते इथे लिहीन.