दर वेळी ‘फ्लक्चुएट’ आणि ‘चढउतार’ कशाला? नुसती वाढ किंवा घट असेल तर तसं म्हणा ना

पायवाट
बरेच दिवस हे डोक्यात आहे म्हणून मांडतो. हल्ली काहीही बदललं की ते ‘फ्लक्चुएट’ होतं, आणि तेच वाक्य मराठीत लिहायची वेळ आली की तिथे ‘चढउतार’ येऊन बसतं. तीन महिन्यात वजन चार किलोनी वाढलं तरी ‘वजन फ्लक्चुएट होतंय’. भाव सलग पडत चाललाय तरी ‘भावात चढउतार’. अहो यात चढ कुठाय? नुसता उतार आहे.

मला हे का लागतं ते सांगतो. मध्यंतरी घरातल्या एका वडीलधाऱ्यांचं बीपी घरीच मोजत होतो आणि डॉक्टरांना सांगितलं की फ्लक्चुएट होतंय. त्यांनी वही मागितली, आकडे बघितले आणि म्हणाले की हे वरखाली होतच नाहीये, हे दर आठवड्याला थोडं थोडं वाढतंय. दोन्हीत केवढा फरक आहे बघा, आणि मी वही नेली नसती तर माझ्या त्या एका शब्दामुळे त्यांच्यासमोर वेगळंच चित्र उभं राहिलं असतं. तेव्हापासून मी तीन गोष्टी बघतो, बदल दोन्ही बाजूंना होतोय का, एकापेक्षा जास्त वेळा होतोय का, आणि त्याला काही ठरलेला ताल नाहीये ना. तिन्ही असेल तरच चढउतार. नाहीतर वाढलं, घटलं, पडलं, बदललं, चांगले साधे शब्द आहेत की.

काजवा
नाही पटलं. बोलताना माणूस तीन कसोट्या लावून शब्द निवडत नाही. ‘फ्लक्चुएट होतंय’ म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच सांगायचं असतं की याचा भरवसा नाही, आत्ता आहे तसं तासाभरानी असेलच असं नाही. ‘नेट फ्लक्चुएट होतंय’ हेच घ्या, त्यात चढ नाही न उतार नाही, ते नुसतं येतंय आणि जातंय, पण ऐकणाऱ्याला कळतं ना? कळलं म्हणजे शब्दानी काम केलं. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात. तुमचं बीपीचं उदाहरण खरं आहे, पण तिथे कुठलाही शब्द वापरला असता तरी आकडेच लागले असते.

तिसरा बाक
माझा आक्षेप पायवाट यांच्या तिसऱ्या कसोटीला आहे. ताल नसावा ही अट ‘चढउतार’ मध्ये आहेच कुठे? शब्दात चढ आहे आणि उतार आहे, बास. शरीराचं तापमान घ्या, निरोगी माणसाचं सुद्धा पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारनंतर संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त असतं, साधारण अर्ध्या अंश सेल्सिअसचा फरक पडतो आणि हे रोज त्याच क्रमानी होतं. याला ‘तापमानातला दिवसभराचा चढउतार’ म्हटलं तर काय चुकलं? बेभरवशाचा बदल सांगायचा तर ‘अनियमित चढउतार’ म्हणा, त्यात द्विरुक्ती नाही. भरती-ओहोटीला मात्र तिचा स्वतःचा शब्द आहे म्हणून तिथे चढउतार कानाला खटकतं. आणि लंबकासारखं ठरावीक वेळानी तेच तेच होत असेल तर त्याला विज्ञानाच्या पुस्तकात ‘दोलन’ म्हणतात, तो शब्द रोजच्या बोलण्यात आणायची गरज नाही.

जुनी वही
तुम्ही सगळे अर्थावर भांडताय पण जास्त चुका वाक्याच्या बांधणीत होतायत, त्याबद्दल कोणीच बोललं नाही. ‘किंमत फ्लक्चुएट होते’ हे वाक्य डोक्यात तयार असतं आणि मग फक्त शब्द बदलून लिहितात ‘किंमत चढउतार होते’. हे मराठी नाही. चढउतार हे नाम आहे, ते कशात तरी होतात. किमतीत चढउतार होतात, तब्येतीत चढउतार आहेत, आवाजात चढउतार पाहिजेत. ‘-त’ लावायचा कंटाळा असेल तर ‘किंमत कमीजास्त होते’ म्हणा, ते सरळ बसतं. बोलताना ‘व्होल्टेज कमीजास्त होतंय’ असं कितीतरी लोक म्हणतातच, आणि ते ‘व्होल्टेजमध्ये चढउतार’ पेक्षा जास्त नैसर्गिक वाटतं.

अजून एक, मला हे फार आवडतं म्हणून लिहितेय. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला लाट या अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे लहर म्हणजे लाटच, आणि त्यावरून आपण ‘लहरी’ म्हणतो, लहरी पाऊस, लहरी माणूस. काजवा म्हणतायत तो ‘भरवसा नाही’ हा अर्थ अगदी पूर्ण त्यात आहे. म्हणजे नेमका शब्द आपल्या घरात होता आणि आपण तो पाऊस आणि स्वभाव यांच्यापुरता ठेवला.

पायवाट
तिसरा बाक, तालाचं मान्य, ती अट मी इंग्रजी शब्दावरून मराठीवर लादली. पण काजवा, तुमचं नाही मान्य. ‘कळलं ना’ हे नेटच्या बाबतीत ठीक आहे कारण ऐकणारा स्वतः तेच भोगत असतो. जिथे ऐकणाऱ्याला फक्त तुमच्या शब्दावर विसंबायचंय तिथे एका दिशेनी होणाऱ्या बदलाला चढउतार म्हणणं म्हणजे चुकीची माहिती देणं आहे. आणि नेटला ‘येजा करतंय’ इतकं छान म्हणता येतं.

काजवा
डॉक्टरांपुढे जपून बोलावं हे मी नाकारत नाहीये. पण गप्पांमध्ये कोणी वजन फ्लक्चुएट होतंय म्हटलं आणि आपण मध्येच थांबवून दुरुस्त केलं तर तो माणूस पुढच्या वेळी बोलणारच नाही. मला ते जास्त वाईट वाटतं.

उंबरठा
मूडचं काय करायचं? ‘मूडमध्ये चढउतार’ मला अगदी रिपोर्ट वाचल्यासारखं वाटतं.

जुनी वही
‘मूड सारखा बदलतो’ पुरतं. जास्त तीव्र असेल तर ‘मन हेलकावे खातंय’. फक्त ‘तळ्यात-मळ्यात’ तिथे नको, ते निर्णय होत नसेल तेव्हाचं. जावं की न जावं हे तळ्यात-मळ्यात, सकाळी उत्साह आणि दुपारी काही नकोसं वाटणं हे हेलकावे.

पायवाट
आणि सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं खचतच चाललं असेल तर हेलकावे पण नाही. ‘दिवसभर मन खचत गेलं’ असंच म्हणायचं, म्हणजे समोरचा विचारेल तरी की काय झालं.