मदत हवी आहे: वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन (to, with सारखे शब्द) नको, ही सक्ती कुणाची?

इंग्रजीतल्या या नियमाचा माग काढतोय. १६७२ मध्ये इंग्रज कवी ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या अशा वाक्यरचनेला दोष दिला, इथपर्यंत पोचलो. रॉबर्ट लाउथचं १७६२ चं व्याकरण चाळलं, तर तिथे बंदी नाहीच! बोलण्यात चालतं, गंभीर लेखनात टाळलेलं बरं, एवढंच. (गंमत म्हणजे हे सांगणारं त्याचं वाक्यच प्रिपोझिशनवर रेंगाळतं.) व्याकरणकार लिंडली मरेने १७९५ मध्ये तेच उचललं, फक्त वाक्य सुधारून घेतलं.

लॅटिनच्या प्रभावाचा मुद्दा (लॅटिनमध्ये चालत नाही, म्हणून इंग्रजीतही नको) ठाऊक आहे, तो नको. मला १८०० नंतरची शालेय पुस्तकं हवीत, शक्यतो स्कॅन फुकट मिळणारी. सौम्य सल्ल्याचा सरसकट ‘चूक’ असा नियम पहिल्यांदा कुठल्या पुस्तकात छापलेला दिसतो?