नाशिकहून गाडीने कच्छ: टेंट सिटी सोडून माणसं राहतात तिकडं जायचंय, कसं करावं?

गंगापूररोडकर:
मंडळी नमस्कार. डिसेंबरच्या शेवटी मी, बायको, दहावीतली मुलगी आणि आई असे चौघं गाडीने कच्छला जायचं म्हणतोय. ऑफिसातले जे जे जाऊन आले त्या सगळ्यांचं एकच, धोरडोची टेंट सिटी, पांढऱ्या रणात उडी मारतानाचा फोटो, उंटगाडी, की परत. तेवढ्यासाठी एवढं डिझेल जाळायचं जिवावर येतं राव. मला त्या वाळवंटात वर्षभर जी माणसं राहतात ना, म्हशीवाले, मीठवाले, कापड छापणारे, त्यांच्या गावांमधून फिरायचंय आणि जमलं तर तिथंच मुक्काम करायचाय. तर आईला घेऊन एका दमात अहमदाबाद गाठावं का, बन्नीत, म्हणजे भुजच्या वरच्या गवताळ पट्ट्यात, राहायची सोय कशी असते, आणि आपण असं कुणाच्याही गावात गाडी घालून फिरलो तर त्या लोकांना चालतं का? शेवटचा प्रश्न बायकोचा आहे आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत बुकिंग करायचं नाही अशी ताकीद आहे.

सिडकोचा_पंकज:
दादा पहिलं काम म्हणजे डिकी तपासा. आपण वायनरीच्या गावची माणसं, कुणीतरी दिलेली बाटली सीटखाली महिनोन्‌महिने पडलेली असते आणि आपल्याला पत्ता नसतो. पलीकडं दारूबंदी आहे, नाक्यावर गाडी उघडायला लावली तर आईसमोर शोभा व्हायची.
रस्ता म्हणाल तर दिंडोरी-वणी-सापुतारा करून खाली उतरा आणि हायवेला लागा, नाहीतर पेठ-धरमपूर. पेठवरून गेलात तर सावळघाट उजेडात उतरा, ट्रक फार असतात. आई सोबत आहेत तर बडोद्याला मुक्काम करा, उगाच मर्दुमकी नको. आणि अहमदाबादहून सरळ भुजला पळू नका, वाटेत विरमगामकडून पाटडीला वळा. छोटं रण तिथं आहे आणि नाशिकवाले शंभरातले नव्वद ते बाजूला टाकून पुढं जातात.

खारा_माणूस:
पंकजला अनुमोदन, पाटडी-खाराघोडा सोडू नकाच. छोटं रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं, पाणी ओसरलं की अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारी कुटुंबं, बाडबिस्तारा घेऊन आत जातात आणि उन्हाळा तापेपर्यंत तिथंच झोपडीत राहतात, पोरंबाळं, कुत्रं, सगळं सोबत. हे मीठ समुद्राचं नाही बरं का. जमिनीखालचं खारं पाणी पंपाने उपसायचं, सपाट वाफ्यांमध्ये फिरवत फिरवत घट्ट होऊ द्यायचं आणि लाकडी दंताळ्याने तळ रोज ओढत राहायचं म्हणजे खडा मोठा होतो. डिसेंबरात जाल तर पांढरे ढीग नाही दिसणार, नुसतं घोट्याएवढं पाणी आणि त्यात दंताळं ओढणारी बाई दिसेल, मीठ निघतं ते मार्चच्या पुढं. पूर्वी कमाईतला मोठा वाटा पंपाच्या डिझेलमध्येच जायचा, आता बऱ्याच जणांकडं सोलर पॅनल आलेत त्यामुळं जरा श्वास घेता येतो. बाकी भाव कोण ठरवतं विचारा, उत्तर ऐकून लासलगावच्या मार्केटात उभं असल्यासारखं वाटेल.
आणि एक, हे सगळं रण म्हणजे घुडखरांचं, रानगाढवांचं अभयारण्य, जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटर. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवून पायाखालची जमीन या लोकांच्या नावावर नाही, त्यावरून चाललेलं भांडण तुम्हाला तिथं गेल्यावर ऐकायला मिळेलच. स्वतःची गाडी आत घालायची नाही, वरून कडक दिसतं पण खाली चिखल असतो. वनखात्याची फी भरून गावातली जीप करा, जीपवाला बहुतेक अगरियांच्या घरातलाच असतो. पिण्याचं पाणी त्यांना टँकरने येतं हे लक्षात ठेवा, चहा दिला तर जरूर घ्या पण हात धुवायला पाणी मागत बसू नका.

येवल्याची_सून:
वहिनींचा प्रश्न अगदी बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. आमच्या घरी माग आहे त्यामुळं मी दुसऱ्या बाजूने सांगते. लोक येतात, मागावर बसून फोटो काढतात, "दुकानात तर कमी भावात मिळतं" म्हणतात आणि जातात. अर्धा तास हातातलं काम थांबतं त्याचं काय? तेव्हा जिथं जाल तिथं आधी फोन करून जा, काम चालू असेल तर गप्प बघा, घ्यायचं नसेल तर नसेल, पण घासाघीस करू नका.
भुजोडी भुजच्या अगदी जवळ, वणकरांचं गाव, तिथं शाली विणतात. काला कॉटनचं कापड मागून बघा, तो कच्छचाच देशी कापूस, पावसाच्या पाण्यावर येणारा. हाताला जरा जाडंभरडं लागतं पण धुऊन धुऊन मऊ होतं. पुढं अजरखपूर, ठशांनी अजरख कापड छापणाऱ्यांचं गाव. हे गाव २००१च्या भूकंपानंतर वसलंय, आधी हे छपाईवाले खत्री लोक धमडका गावी होते, भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं आणि रंग बिघडायला लागले म्हणून नवीन गाव. अजरखला पाणी म्हणजे सगळं काही, धुणं, हिरड्यात भिजवणं, छापणं, निळीत बुडवणं, पुन्हा धुणं, एका कापडामागं कितीतरी दिवस जातात. काळा रंग कसा करतात ते मुलीला आवर्जून दाखवा, पिंपात गंजकं लोखंड आणि गूळ घालून कुजवत ठेवतात, झाकण उघडलं की नाक दाबूनच उभं राहावं लागतं, आणि त्याच घाणीतून इतकी सुरेख काळी रेघ उठते की बघत राहावं. तिथंच एलएलडीसी म्हणून भरतकामाचं म्युझियम आहे, त्याला अर्धा दिवस ठेवा. निरोणा गावची रोगन कला पण बघा, एरंडेल उकळून केलेला चिकट रंग सळीने कापडावर सोडतात, आधी तळहातावर घोटून घेतात. २०१४ला मोदींनी ओबामांना दिलं होतं ते रोगनचंच काम.

अवली_भटक्या:
टेंट सिटीला सरसकट नावं ठेवू नका हो. डिसेंबरात बन्नीतली रात्र काय असते ते कळेल, म्हातारं माणूस सोबत असेल तर गरम पाणी आणि जवळचा संडास यापुढं सगळी संस्कृती फिकी पडते. धोरडोच्या लोकांना त्यातून रोजगार पण मिळालाय.

कळवणचा_नाना:
भटक्या, गरम पाणी बन्नीतल्या होडका गावातही मिळतं बाबा, गावकऱ्यांनीच चालवलेला रिसॉर्ट आहे तिथं, मातीचे भुंगे म्हणजे गोल झोपड्या, आत संडास-बाथरूम. हे गोल भुंगे २००१च्या भूकंपात टिकले म्हणून लुडियाला गाव पुन्हा बांधताना तेच बांधले. आतून लिंपणकाम, आरसे, आईंना फार आवडेल.
आमच्या शिवारात काठेवाडी गुराखी गायी घेऊन येतात त्यांच्याशी जुनी ओळख, त्यामुळं गुरांचा नाद मला. बन्नीची म्हैस बघायची तर पहाटे उठा. ही म्हैस रात्री चरायला जाते, राखणीला माणूस असतोच असं नाही, आणि सकाळी आपली आपण मालकाच्या दारात येऊन उभी. २०१०ला तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. वेडी बाभळीने गवताची वाट लावलीय, मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे, म्हातारे त्यावर तासभर बोलतील, ऐकून घ्या. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, कॅमेरा वहिनींच्या किंवा मुलीच्या हातात असला तर गोष्ट वेगळी, त्यांना घरात बोलावतात, आपण बाहेर खाटेवर. भिरंडियाऱ्याला रणाचा परमिट घेताना (ओळखपत्र ठेवा) तिथला मावा खा, बन्नीच्याच दुधाचा. टाकी भुजलाच फुल करा.
खावड्याहून धोलावीराला रणातून नवा रस्ता झालाय, दोन्हीकडं पांढरं मीठ. पण खावड्याकडं सोलरच्या मोठ्या प्रकल्पामुळं अवजड गाड्या बेसुमार वाढल्यात, त्यामुळं होडक्याहून जाऊन त्याच दिवशी परत यायचा हट्ट नको, तिकडंच राहा. धोलावीरा म्हणजे हडप्पा संस्कृतीचं जुनं शहर आहे, भर उन्हात धावत बघायची चीज नाही.

गंगापूररोडकर:
सगळ्यांचे आभार. हायकमांडने येवल्याच्या ताईंचा रिप्लाय दोनदा वाचून परवानगी दिलीय. ठरलं ते असं, बडोदा, पाटडी, मग भुज आणि आजूबाजूची कारागीर गावं, शेवटी होडका. धोलावीरा या खेपेला रद्द, मुलगी रुसलीय पण आईला तेवढं झेपणार नाही. नाना, आईचा एक प्रश्न राहिलाय, तिकडं दत्ताचं देऊळ आहे म्हणे, कोल्ह्यांना प्रसाद देतात ते?

कळवणचा_नाना:
काळा डुंगर. खावड्याच्या पुढं, कच्छातला सगळ्यात उंच डोंगर, साडेचारशे मीटरच्या आसपास. संध्याकाळच्या आरतीनंतर पुजारी भात ठेवतो आणि हाका मारतो, कोल्हे कधी येतात कधी नाही. गाडी वरपर्यंत जाते, पण शेवटचा चढ खडा आहे, पहिल्या गिअरमध्येच घ्या आणि आईंना शाल द्या, वर वारा फार असतो.