'कुठवर?' हीसुद्धा प्रार्थनाच
'विश्वास खरा असेल तर काळजी वाटतच नाही', हे इथे ताईंच्या लिहिण्यावर कुणीतरी मांडलेलं मत मला पटत नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं १३ वं स्तोत्र उघडून बघा. वचनं सहाच, आणि 'कुठवर, परमेश्वरा?' हा सवाल चार वेळा. ८८ वं तर अंधारातच संपतं. तिथे शेवटी दिलासा जोडायची घाई कुणी केलेली नाही.

मागच्या पावसाळ्यात इथे इंदूरला आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट अकरा दिवस येईना. संध्याकाळी व्हाइट चर्चच्या रस्त्याने घरी परतताना माझ्याकडे प्रार्थनेला शब्दच नसायचे. आई मात्र १३० वं स्तोत्र म्हणायची. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात, त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट पाहतो. पहारेकऱ्यांची ती ओळ तिथे लागोपाठ दोनदा येते. दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज कापायचा. पहाट लवकर आणणं पहारेकऱ्याच्या हातात नसतं. ती येणार हे मात्र त्याला ठाऊक असतं, आणि तोवर तो जागा राहतो.

ताई, तुम्ही लिहिलंत की नोकरीच्या उत्तराची वाट बघताना प्रार्थनेत नुसतं रडू येतं. येऊ द्या. आज रात्री १३ वं स्तोत्र मोठ्याने वाचा. शेवटची दोन वचनं अजून तोंडून निघत नसतील, तर चौथ्यापाशीच थांबा.