मदत हवी आहे: २.४५ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना (सर्किट बोर्डवरचा चपटा तांब्याचा अँटेना) २.३८ लाच येतोय

एफआर-४ या नेहमीच्या सर्किट बोर्डवर (जाडी १.६ मिमी, एप्सिलॉन म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.४ धरून) इनसेट फीडचा (फीड लाइन पॅचमधल्या खाचेत आत शिरते तसा) पॅच केलाय, ३७.३ बाय २८.८ मिमी. सिम्युलेशनमध्ये २.४५ गिगाहर्ट्झला एस११ (अँटेनाकडून परत फिरणारा सिग्नल, जितका कमी तितका चांगला) मस्त उणे २४ डीबी, पण नॅनोव्हीएनएवर (एस११ मोजायचं छोटं यंत्र) डिप २.३८ ला आणि तोही जेमतेम उणे ११. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला परत केलं, एसएमए कनेक्टर काढून पुन्हा सोल्डर केला, व्हर्नियरने मापं घेतली तर ती बरोबर आहेत, केबलला हात लावला तरी डिप हलत नाही. उलटं गणित केलं तर एप्सिलॉन ४.६५ च्या आसपास निघतो. रॉजर्सच्या महाग हाय-फ्रिक्वेन्सी बोर्डचं बजेट नाही, त्याच शीटचा तुकडा मात्र उरलाय, मग पॅचची लांबी २८ मिमी करण्याआधी त्यावर रिंग रेझोनेटर (तांब्याची गोल रिंग, तिच्या रेझोनन्सवरून) करून एप्सिलॉन काढू की दोन वेगळ्या लांबीच्या मायक्रोस्ट्रिप लाइनच्या (बोर्डवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) फेजवरून जास्त भरवशाचा मिळेल? आणि उणे ११ साठी इनसेटची खोली वेगळी बदलावी लागेल का?