दार बंद असावे, पण आतून चटकन उघडणारे

घरात माणसे जागी असताना दाराला कडी कशाला, असे काही जण विचारतात. मला हे पटत नाही, कारण मागच्या खोलीत मिक्सर किंवा टीव्ही सुरू असला की पुढचे दार उघडल्याचे कळत नाही, आणि दाराजवळचा मोबाईल उचलायला चोराला काही क्षण पुरतात.

मात्र रात्री आतूनही किल्लीनेच उघडणारे कुलूप लावून किल्ली दुसऱ्या खोलीत ठेवणे मला चोरीपेक्षाही धोक्याचे वाटते. आग लागून घर धुराने भरले, की अंधारात किल्ली शोधणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून आतल्या बाजूने हाताने फिरवता येणारी मूठ असलेले कुलूपच बसवावे, आणि ते घरातल्या मुलांना व वृद्धांना जमते का, हे त्यांच्याकडूनच उघडवून पाहावे.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी आतली कडी मदतीला आलेल्यांनाच अडवते. तिथे बाहेरूनही किल्लीने उघडणारे कुलूप असावे, जादा किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. फक्त आतून कुलपात किल्ली अडकवून ठेवू नये, कारण काही कुलपांत त्यामुळे बाहेरची किल्ली चालत नाही.